राहिला म्हणे

सिनोपच्या बंदरामागे, दोरखंडाच्या दुकानावर
चार पानांचा पेपर निघतो.
नेझिहात तिथे मुद्रितं वाचते, तेवीस वर्षं झाली.

त्यांच्या भाषेत क्रियापदाला एक शेपटी लागते,
मिश किंवा मुश, आधीच्या स्वराची मर्जी असेल तशी.
आपण ‘म्हणे’ म्हणतो ना, तसंच:
मी पाहिलं नाही, कानावर आलं, मला धरू नका.
पण पहाटे दार उघडावं आणि अंगण पांढरंशुभ्र,
तेव्हाही हीच शेपटी:
अरेच्चा, बर्फ पडलाय की!
आपला ‘म्हणे’ आणि आपला ‘की’
तिथे एकाच खोलीत भाड्याने राहतात.

संपादक फेरिदून बेंना शेपटी चालत नाही.
झालं तर झालं, नाहीतर ‘झाल्याचा दावा’.
लाल पेन्सिल फिरते, आणि संध्याकाळी
टेबलाखाली कापलेल्या शेपट्या, पालीच्या असाव्यात तशा,
अजून वळवळणाऱ्या.

छप्पन्न किलोचा भोपळा. शेतकरी म्हणाला, बघून मीच घाबरलो.
छापलं: शेतकऱ्याने समाधान व्यक्त केलं.
गेर्झेच्या एका म्हातारीला समुद्रात हिरवा उजेड दिसला.
छापलं: ‘उजेड’, अवतरणात,
चिमट्याने उचललेल्या मेल्या उंदरासारखा.
मंत्री म्हणाले, पूल मार्चमध्ये.
ते बिनचिमट्याचं, पहिल्या पानावर, ठळक.
नेझिहातने एकदा त्यापुढे कंसात उद्गारचिन्ह टाकलं होतं;
तिकडे त्याचा अर्थ होतो, हो का, बघू या.
त्या महिन्यात तिचे चारशे लिरा कापले.

सकाळी चहाच्या दुकानात मात्र
साफेत न्हावी पेपर मोठ्याने वाचतो
आणि एकेक शेपटी परत चिकटवतो.
पूल होणार म्हणे. मार्चमध्ये म्हणे.
कोणीतरी भुवया वर करतं, जीभ टाळ्याला लावून ‘च्क’,
खंडन संपलं.
भोपळ्यापाशी सगळे गप्प.
दोन्ही हातांनी हवेत त्याचा घेर धरून पाहतात.

फेब्रुवारीत वादळ झालं. रात्री साडेदहाला
बंदरातून मजकूर आला, पाच ओळी.
होडी उलटली. दोघं सापडले. एक बुडाला,
दुर्मुश, वय एक्केचाळीस.
नेझिहातचा भाऊ.
आधीची तीन मुलं जगली नव्हती, म्हणून आईने ठेवलेलं नाव.
दुर्मुश. राहिला म्हणे.
किंवा, राहिला की हा!
आईला यातलं कुठलं म्हणायचं होतं
ते विचारायचं राहून गेलं.

तिने ‘बुडाला’ला शेपटी लावली.
फेरिदून बेंनी चष्मा पुसला, पेन्सिल उचलली,
बराच वेळ तिचं टोक पाहत बसले.
“कोणी पाहिलंय?”
“नाही.”
“मग राहू दे.”

पहाटे छापून आलं. कॉलम अरुंद,
नाव ओळीच्या टोकाला मावलं नाही.
यंत्राने ते मधेच तोडलं, शेपटी खालच्या ओळीत गेली.
वर नुसतं उरलं, दुर.
तिकडे त्याचा अर्थ, थांब.

साफेत तिथवर वाचून
पुढची ओळ न वाचता बसून राहिला.
चहा गार झाला. कोणी ‘च्क’ केलं नाही.