अहीर

बावड्याच्या बंधाऱ्यावर बरगे मोजायचं काम माझं.
एकूण किती, कुजलेले किती, वाहून गेलेले किती.
मासे मोजायचा रकाना वहीत नाही.

अवसेच्या रात्री गुंडाप्पा भोयाच्या गळाला
अहीर लागली. मनगटाएवढी जाड, दोन हात लांब,
ओढायला माणसं तीन.
साप न्हवं, भिऊ नगा, म्हणाला,
हिला कान असत्यात.
बॅटरी मारली तर खरंच होते:
डोक्यामागं दोन इवले पर,
उघडझाप करणारे.

लहानपणी बघितलेल्या अहिरी मातकट, पिवळ्या पोटाच्या.
हिच्या पोटाला चांदी.
आणि डोळे केवढे!
पंचगंगेच्या गढुळात
एवढे डोळे लागतात कशाला?

हौसाक्कानं राखेत घोळून धरली, विळीवर घेतली,
आणि मधेच थांबली.
आतडं दोऱ्याएवढं, कोरडं.
खेकडा नाही, किडा नाही, शेवाळाचा तंतू नाही.
दोन्ही अंगांना मात्र अंड्यांची बारीक रवाळ झालर.
"उपास धरला हुता हिनं," ती म्हणाली.
"लांब निघाली हुती कुठंतरी."

लांब म्हणजे किती?
गुंडाप्पाचा बाप सांगायचा म्हणे,
ही जन्मते खाऱ्या पाण्यात,
काचेच्या काडीएवढी होऊन नदी चढते,
इथल्या कपारीत म्हातारी होते,
आणि एका काळ्या रात्री जेवण सोडून
आल्या वाटेनं परत निघते.
वाडीपर्यंतची वाट मला ठाऊक आहे.
तिथं कृष्णा. पुढं अलमट्टी.
त्याच्याही पुढच्या धरणांवरच्या पाट्या
मला वाचता यायच्या नाहीत.
काचेची काडी
हे सगळं चढून आली कशी?

त्या अवसेच्या आधीच बरगे निघायला हवे होते.
वरून पत्र आलं नव्हतं.
पत्र आल्याशिवाय मी फळीला हात लावत नाही,
अठरा वर्षांत लावलेला नाही.

हौसाक्कानं रस्सा पाठवला.
खाल्ला मी. खोटं कशाला बोलू,
दोनदा घेतला.

काल शेवटचा बरगा उचलला.
खाचेतल्या चिखलात बोटभर काहीतरी सळसळलं.
बॅटरी वळवेपर्यंत गेलं.
चढतं होतं की उतरतं, ते कळलं नाही.

वहीत लिहिलं: बरगे सगळे निघाले, रात्री पावणेदहा.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं
ते गुंडाप्पाला विचारायला हवं.