अख्खे कान

पावणेबाराला एजन्सीचा पहिला फ्लॅश:
परागंदा हुकूमशहा, वय सत्त्याऐंशी, झोपेतच संपला.
सव्वाबाराला 'माजी अध्यक्ष'.
साडेबाराला 'स्ट्राँगमॅन'.
एकाला पाच कमी असताना
'ज्यांच्या वारशाबद्दल दुमत आहे असे नेते'.
मेल्यावर तासाभरात माणूस किती सुधारतो.
सात नंबरचं पान मी बारा वर्षं करते,
नवल वाटलं नाही. चहा तेवढा गार झाला.

इंग्रजीला बरं आहे.
राजा असो, भुरटा चोर असो,
जिवंत असो, मढं असो, सगळ्यांना एकच 'ही'.
तो की ते, हे मला ठरवायचंय,
उद्यमनगरातल्या या दुसऱ्या मजल्यावर,
आणि आमच्यात तर गेलेल्याला
वैऱ्यानंही 'ते' म्हणायची रीत.

संदर्भातून त्याचं पाकीट काढलं.
आमचंच कात्रण, चौऱ्याहत्तर सालचं:
'तरुण, तडफदार, शिस्तप्रिय.
राजधानीत ट्राम वेळेवर धावू लागल्या.'
समासात पेन्सिलीनं जि. उ.
जिन्नाप्पा उपाध्ये. ज्यांनी मला
ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, आणि शिव्या न देता रागवायचं कसं तेही.
दसरा चौकातून घरी जाताना कुत्र्यालासुद्धा
बाजूला होऊन वाट द्यायचे.
त्यांनीही आलेलंच उतरवलं असणार.
तेव्हाही रात्रच असणार.

इतक्यात जाहिरातीतून सूर्यवंशीचा फोन:
गुजरीतला सराफ आलाय, अर्धं पान,
बातमी आठ सेंटिमीटरवर आणा.
बातमी खालून कापतात. तसंच शिकवलेलं असतं,
महत्त्वाचं वर, राहिलेलं खाली.
सगळ्यात खाली होते
स्टेडियमात नेलेले नऊ हजार,
आणि इर्मा नावाची एक बाई,
दर गुरुवारी त्या भिंतीशी
मुलाचा एक बूट घेऊन उभी राहणारी.
एकच. दुसरा त्याच्या पायात होता.

मी वरून कापलं.
धरण गेलं. महामार्ग गेला.
'शिस्त' कापताना जरा हात थांबला, मग तीही गेली.

राहिला मथळा. स्ट्राँगमॅन.
या गावात ताकदवान म्हटलं की
लोकांना दुधाचा कट्टा आठवतो,
तांबडी माती, आणि हरलेल्याच्या पाठीवरची थाप.
प्लेट न्यायला रंगराव वर आला.
गंगावेशीत दहा वर्षं घाम गाळलेला, गुडघा गेला म्हणून छपाईत.
म्हटलं, रंगराव, हा गडी जोरदार होता म्हणतात,
काय म्हणू याला?
त्यानं फोटो दिव्याखाली धरला.
पदकं बघितली नाहीत, घोडा बघितला नाही.
'ह्येचं कान बघा की मॅडम.
अख्खं हाईत. दोन म्हयनं माती खाल्ली
तर कान मोडत्यात माणसाचं.
कुणाच्या पटात घुसलाच न्हाई ह्यो कधी.'
स्वतःचा उजवा कान, सुकल्या अंजिरासारखा,
चोळत तो जिना उतरला.

मी लिहिलं: हुकूमशहा मेला.
'मेला' पुसलं. 'गेला' लिहिलं.
'ते' मात्र कुठंच लिहिलं नाही.

खाली मशीन सुरू झालं, टेबलावरची कपबशी थरथरली,
तेव्हा एजन्सीची शेवटची ओळ आली:
दुरुस्ती. दिवंगत नेत्यांच्या आडनावात
एक अक्षर चुकले होते.
बाकी मजकूर कायम.