अहवाल, क्रमांक एकोणीस

वाशीच्या हॉलमध्ये खोकं उघडलं
तर जाळं फाटलेलं, चार आस.
नेउझा. जन्म लुआंडा, राहणार लिस्बन.
माध्यम: आजोबांचं जाळं, तांब्याची तार, मीठ.

विमावाले म्हणाले, हात लावू नका.
तिने विचारलं, इथे जाळी कोण विणतं?

दिवाळ्याहून चांगुणाबाई आल्या,
चपला दाराशी काढून.
‘गाठ उलटी हाय गो तुजी.’
नेउझाही तिच्या भाषेत
बहुतेक तेच म्हणाली.
दुभाषी चहाला गेला होता.
फरशीवर बसून दोघी भांडल्या,
बोटांनी,
दुपारभर.

आता त्यात निळ्या नायलॉनच्या चार गाठी आहेत,
किंचित बोंबलाचा वास.

उद्या खोकं रॉटरडॅमला निघेल.
माझ्या तक्त्यात रकाने दोनच:
नुकसान. पूर्ववत.
पेनाचं टोपण काढून
मी केव्हाचा बसलोय.