भरती

झटका आल्यापासून बाबल तांडेलांकडे
एकच शब्द उरलाय: भरती.
चहा हवा, भरती.
कूस बदल, भरती.
मस्कतहून संदेशचा फोन आला
की मोबाइलमधल्या त्या चौकोनी तोंडालाही
भरती.

एजन्सीने मला सांगितलं होतं, पेशंट बोलत नाही.
आठ ते सहा. डायपर, औषधं, आंघोळ, भरवणं.
परुळ्याहून पहिली एसटी धरून मी निवतीला उतरले,
त्यांनी मला नखशिखांत पाहिलं,
नवा खलाशी पाहावा तसं,
आणि तोंड भिंतीकडे केलं.

तीन आठवडे गेले तो शब्द शिकायला.
लांबवलेला म्हणजे लघवी.
दातांत चावलेला म्हणजे पेज गरम आहे गो.
डोळे मिटून म्हटलेला म्हणजे दुखतंय,
पण संदेशला कळवू नकोस.

पाण्याची ऊब मी कोपराने बघते.
उजवा हात, जो आता त्यांचं ऐकत नाही,
तो आधी धुते.
रापणीच्या दोराचे घट्टे अजून तळव्यात आहेत,
साबण तिथे अडखळतो.
सदरा घालताना लुळ्या बाजूची बाही पहिली,
काढताना शेवटची.
हे आरोंदेकर सिस्टरनी शिकवलं, कुडाळला,
आठ दिवसांत, एका बाहुलीवर.

बाहुली लाजत नव्हती.
तांडेल लाजले. मीही.
मग मी खिडकीतून होड्या मोजायला लागले, मोठ्याने,
आणि मुद्दाम दोन जास्त सांगितल्या.
ते खवळले, भरती! भरती!
तोवर लुंगी नेसवून झाली होती.

मागच्या मंगळवारी ताप चढला.
डॉक्टर म्हणाले, भरती करावं लागेल.
तांडेलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं,
की कुणी आपली होडी सोडून नेतंय
आणि आपण काठावर.
पाच दिवस वॉर्डात गप्प.
घरी पाठवतानाच्या कागदावर लिहून आलं: वाचा नाही.

वहीत रकाने आहेत,
बीपी, साखर, शौच, झोप.
मी समासात भरतीची वेळ लिहिते,
रोज पाऊण तास पुढे सरकणारी.
एजन्सीच्या बाई म्हणाल्या, हे कसलं औषध?
माझी सासू घरी एकटी उठते-बसते,
तिचा रकाना मी विचारला नाही.

आज पावणेसहाला खाट खिडकीशी सरकवली,
डबा पिशवीत टाकला, चपला शोधल्या.
बाहेर सुकती लागलेली,
खडपं उघडी पडत होती,
पोरं कालवं फोडायला उतरलेली.
मागून आवाज आला, सहा दिवसांनी पहिला.
भरती.

लांब नव्हता. चावलेला नव्हता. डोळे उघडे होते.
हा सूर माझ्या यादीत नव्हता.

मी पिशवी खाली ठेवली.
शेवटची गाडी सव्वासातला आहे.