काजयी

धुळ्याच्या सिव्हिलमधून आणलेला सासऱ्यांच्या छातीचा फोटो
ते गेल्यावर कुणी मागितला नाही.
मी त्याचे चौकोनी पत्ते कापले. सव्वीस.
प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत भोकं,
भोकांतून दोन दोरे काळे, दोन पांढरे.
ताण्याचं एक टोक खाटेच्या गाताला, दुसरं माझ्या कमरेला.
पत्ते उजेडात फिरले की
बरगडीचा एखादा तुकडा दिसतो, जातो.

पत्ता पुढे फिरवला की काळं वर येतं,
मागे फिरवला की बुडतं.
अक्षर म्हणजे एवढंच, कुणी कधी बुडायचं.
शिरोरेघ सोपी. वरचे तीन पत्ते
शेवटपर्यंत मत बदलत नाहीत,
बाकी सगळं त्यांना धरून लोंबतं.
काना आला की सगळ्यांनी एकदम काळं व्हायचं,
दोन बाणे, आणि एकदम विसरायचं.
वेलांटी छळते.
गोल असं काही पट्टीत नसतंच, पायऱ्या असतात.
लांबून बघणाराच त्या डोळ्याने घासून गोल करतो.

मार्गशीर्ष लागला तसे भटेसिंग आबा आले.
सारंगखेड्याच्या जत्रेत घोडी उभी करायची,
कपाळपट्टी हवी, नावाची.
"घोडीनं नाव काय?"
"काजयी."

खडू घेऊन भिंतीवर माप काढायला लागले
आणि तिसऱ्या अक्षराशी थांबले.
चौथीला गुरुजी नाशिककडचे.
म्हणा शाळा. आम्ही, शाया.
म्हणा केळी. केयी.
म्हणा डोळे,
आणि छडी वर गेली की आमचे डोये मिटायचे.
त्यांचा ळ मला वहीत छान यायचा,
तोंडात कधीच आला नाही.
पट्टीत तर त्याहून अवघड:
दोन पोटं, मध्ये खाच,
अकरा पत्त्यांत कोंबला तर त्याचा चष्मा होतो.
तरी विचारलं, आबा, शाळेतलं काढू की आपलं?
ते खुरांवरचा चिखल बघत होते.
"मी जशी हाक मारस, तसंच लिख."

तीन संध्याकाळी लागल्या, त्यातली एक विजेविना.
उलट्या बाजूला नाव पांढऱ्याचं काळं, उजवीकडून डावीकडे.
ती बाजू कपाळाला लागणार,
म्हणून तिथे गाठी ठेवल्या नाहीत.

न्यायला आले तेव्हा सोबत मुलगा, कॉलेजातला.
बोट ठेवून वाचलं, म्हणाला, "आबा, हाई चुकेल शे."
आबांनी घोडीकडे मान केली.
"तिले इचार."

पौर्णिमेनंतर राहिलेले पैसे द्यायला आले.
दारातच उभे राहून सांगितलं:
बिकानेरकडचा माणूस, आपलं एक अक्षर कळत नाही त्याला,
दात बघितले, पाय उचलून बघितले,
मग पट्टीवर बोट फिरवत हळूहळू वाचलं, का, ज, यी.
तिने दोन्ही कान त्याच्याकडे केले.
तेव्हाच म्हटलं, सौदा झाला.

मी पत्त्यांमागे साठलेला किनारीचा पीळ सोडवत होते.
आबा जाईनात.
पैसे मोजून झाले, पाणी पिऊन झालं.
मग म्हणाले, शिंगरू ठेवलंय घरी. त्यालाही एक हवी.
"नाव?"
"पिवयी."

भिंतीवर य चं माप अजून होतं.
मी त्याच्यावरून खडू फिरवला.