आडवा श्वास

बाबा उभा राहिला की बुडतो.
आडवा झाला की तरंगतो.
डॉक्टर उरांचिमेगना हे सांगताना मला लाज वाटली,
जणू मी त्याच्या आळसाची चुगली करत होते.
खेंतीच्या गवतात खोगिरावरच झोप काढणारा माणूस,
आता चहाचा वाडगा घ्यायला उठतो
आणि ओठ शाईत बुडवल्यासारखे.

तिनं त्याचं बोट चिमट्यात धरलं.
बोटांची टोकं गोल फुगलेली,
आम्ही समजत होतो लगाम ओढून झालीत.
निजलेला: नव्वद.
बसवलेला: एकोणऐंशी.
पुन्हा निजवलेला: अठ्ठ्याऐंशी.
"लोकांचं उलट असतं," ती म्हणाली
आणि पहिल्यांदाच मान वर केली.

दोन सिरिंजमध्ये मिठाचं पाणी
तिनं इकडून तिकडे घुसळलं,
आई चामड्याच्या पिशवीत घोडीचं दूध घुसळायची तसं.
फेस आला. तो दंडातल्या शिरेत सोडला.
पडद्यावर हृदयाची उजवी बाजू
हिमवादळात सापडल्यासारखी पांढरी झाली.
ती ठोके मोजत होती. एक. दोन. तीन.
बुडबुडे फुप्फुसात विरायला हवेत.
माझे विरले असते, तुमचे विरतील.
चौथ्या ठोक्याला डावीकडे एक दिसला.
मग चार-पाच.
मग कळप.

फुप्फुसाच्या तळाशी वाटा रुंद झाल्यात, म्हणाली.
रक्त हवेला न भेटताच पुढे पळतं,
आणि बसलं की सगळं तळाकडेच धावतं.
पण दोष फुप्फुसाचा नाही.
दोष खालच्या शेजाऱ्याचा, यकृताचा.

शाळेच्या अंगणात एक काचेची सिरिंज
रांगेतल्या सगळ्या दंडांवरून फिरली होती.
बाबाला रांग पाठ आहे.
पुढचा शार्खू गेला.
मागची दुलमाजाव गेली.

गोळी?
तिनं दोन-तीन नावं घेतली, लसूणसुद्धा,
आणि प्रत्येकापुढे खांदे उडवले.
तोवर ऑक्सिजन. शेवटी नवं यकृत.
यंत्र चुलीपासून लांब ठेवा, तिनं बजावलं.
उणे तीसमध्ये, एका गोल तंबूत,
चुलीपासून लांब म्हणजे कुठे?
आम्ही नळी लांब केली.
वीज गेली की भाऊ मोटारीच्या बॅटरीकडे धावायचा
आणि मी बाबाच्या ओठांवर टॉर्च धरायचे.

आमच्यात नातलगांना एल्गेन सादान म्हणतात,
यकृताचे सोयरे.
लग्नात, मयतीत हजारदा म्हटलं असेल,
आत काय आहे ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.
भावात तोच विषाणू निघाला.
मी जुळले.
लहानपणी मी बाबाच्या काळजाचा तुकडा होते.
तुकडा म्हणजे साठ टक्के,
हे मला सर्जननं सांगितलं.

ऑपरेशननंतर विसाव्या दिवशीही नळी नाकातच.
मी चिडले. एवढं दिलं, तरी?
टाके ओढत होते, म्हणून हळूच चिडले.
"वाटा एका रात्रीत अरुंद होत नाहीत,"
उरांचिमेग म्हणाली. "महिने लागतात. कधी वर्ष."
तिच्या टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद
काळं पडत होतं.

वहीत मी आकडे लिहिते,
संध्याकाळी मेंढ्या मोजाव्यात तसे.
बसवलेला, मार्च: एक्क्याऐंशी.
एप्रिल: ऐंशी. त्या पानावर मी काहीतरी खोडलंय.
मे: सत्त्याऐंशी.

आज कोळशाचा धूर नाही.
बाबा नळीसकट दाराबाहेर स्टुलावर बसला.
गुडघे आवळले, टाचा आत घेतल्या,
खाली घोडा नसताना.
मी चिमट्याकडे बघत होते, तो डोंगराकडे.
"किती?"
"नव्वद."
"मग काढ ते," म्हणाला,
"हा हात मोकळा लागतो मला."