शेवटची पायरी

तळघराची उंची सात फूट दोन इंच.
इलाही मिस्त्रींनी तीनदा टेप लावली,
तिन्ही वेळा तेवढीच भरली.
"यातले तीन इंच जमिनीला द्यायचे," ते म्हणाले,
"उंच पाहुण्याला वरच चहा पाजा."

कर्वेनगर, कालव्यापासून दोन घरं आत.
जानेवारीत वरच्या मजल्यावर पंखा बंद केला की भागतं.
खाली मात्र शहाबादी फरशी
भर दुपारीसुद्धा विहिरीच्या काठासारखी.
तिथे वसुमती आत्या पुस्तकं बांधते,
एकोणचाळीस वर्षं.
खळीचं पातेलं, लोखंडी शिकंजा,
पायांत एकावर एक दोन मोजे.

फरशीखाली ऊब घालायची कल्पना माझी.
प्रज्योत ओव्हाळने हे काम मनालीत केलं होतं,
पुण्यात कोणी मागितलं नव्हतं.
वायरच्या जाळीची गुंडाळी तो घेऊन आला,
चटईसारखी काखेत.

पण अडचण जाळीची नव्हती, खालची होती.
फरशी उखडली तर वीतभर मुरूम
आणि मुरमाखाली थेट काळा पाषाण.
मध्ये काहीच नाही.
एक गोणपाटसुद्धा नाही.
प्रज्योत उकिडवा बसून बघत राहिला.
"यावर नुसती वायर टाकली ना ताई,
तर तुम्ही बिल भरून सह्याद्री तापवाल."

त्या रात्री मी सह्याद्री तापवला.
अंथरुणात पडल्या पडल्या, युनिटमागे अकरा रुपये.
सिंहगड कोमट होईपर्यंत
आमचा फ्लॅट विकावा लागत होता.

मग थर.
ओल अडवायला काळं डांबरी रसायन, दोन हात,
त्यावर निळसर फोमचे दाट पत्रे,
भिंतीच्या कडेनेसुद्धा, कारण ऊब आडवीही पळते.
त्यावर चंदेरी कागद, त्यावर जाळी,
जाळीवर गिलावा, गिलाव्यावर नवी फरशी.
दर थराला प्रज्योत मीटर लावून तार जिवंत आहे का बघायचा,
नाडी बघावी तसा, श्वास रोखून.
एकदा इलाहींचा थापी मारणारा पोरगा जाळीवर पाय देऊन गेला,
तेव्हा तो ओरडला ते वरच्या गॅलरीत ऐकू आलं.

दार खालून तासलं.
शिकंजा चौघांनी उचलला, शिव्या देत.
आणि जिन्याची शेवटची पायरी,
सात इंचांची होती, चार उरली.

चालू केल्याच्या दुसऱ्या दिवशी आत्या उतरली.
मोजे काढायला लावले मी.
"तापली का?"
ती फरशीवर उभी. दोन्ही पाय सपाट.
मुलाखतीला उभी असावी तशी.
"मला काय विचारतेस?
माझ्या तळव्यांना साखरेने कधीच नेलंय.
तीन वर्षं झाली, टाचणी टोचली तरी कळत नाही."

मग ते दोन मोजे?
"सवय," ती म्हणाली. "आणि तू बघायचीस."

मी काही बोलले नाही.
डॉक्टरांनी सांगितलं, सत्तावीसच्या वर नको,
भाजलं तरी कळणार नाही तिला.
प्रज्योतने आकड्याला कुलूप घातलं
आणि पासवर्ड माझ्याकडे दिला.

आत्या मात्र वाकली, हळूच,
आणि एक कोरा फर्मा फरशीवर ठेवला.
गुडघ्यावर हात टेकून वाट बघत राहिली.
दर हिवाळ्यात ओल पिऊन कोपरे वर करणारा कागद
पडून राहिला. नुसता पडून राहिला.
"हं," ती म्हणाली. एवढंच.
दुपारी खळ ढवळताना गुणगुणत होती,
सूर धड नव्हता.

पायरी मात्र तिला जमेना.
एकोणचाळीस वर्षांची सात इंचं पायात भिनलेली,
जमीन लवकर येते आणि गुडघ्याला दणका बसतो.
शेवटी तिने लाल कापडाची पट्टी कापली,
पुस्तकाच्या पाठीला लावते तीच,
आणि खळ लावून पायरीच्या कडेला चिकटवली,
कोपरे नीट दुमडून.

उरलेले पैसे न्यायला इलाही मिस्त्री आले,
लाल पट्टी बघून हसले, उतरले,
आणि तिथेच धडपडले,
स्वतः बुजवलेल्या तीन इंचांवर.